अठराव्या शतकातला झगा पुन्हा शिवताना

या, मागे अजून जागा आहे, बसून घ्या.

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोन-तीन जणांचे फोन आले. म्हणाले, बाई, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे शिवणकाम कुठून काढलंत? मी म्हटलं, शिवणकाम काढलंय हे खरं, पण ज्ञानमीमांसा सोडलेली नाही. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका बाईने अंगात काय घातलं होतं आणि ते घालून ती वाकायची कशी, चालायची कशी, हे आज आपल्याला कळू शकतं का? कळलं, असं केव्हा म्हणायचं? हा माझ्याच विषयातला प्रश्न आहे.

आधी एक कबुली देते. मागे एकदा, याच सभागृहात, स्त्रियांच्या स्थितीविषयी बोलताना मी म्हणून गेले होते की युरोपातलं कॉर्सेट म्हणजे बाईला जखडून ठेवणारं छळयंत्र. टाळ्याही पडल्या. व्याख्यान संपल्यावर एक मुलगी भेटायला आली. नाटकांचे कपडे शिवते ती. तिने फार अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या शतकातलं कॉर्सेट म्हणताय? आणि कधी हातात घेऊन पाहिलंय का?" माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं मुलांना 'पुरावा काय?' म्हणून विचारत आले आणि स्वतः मात्र सिनेमात पाहिलेल्या दोन प्रसंगांवर बोलून मोकळी झाले. तेव्हा आजचं बोलणं म्हणजे त्या मुलीचं देणं आहे असं समजा.

आपण इंग्लंडविषयी बोलणार आहोत, साधारण १७४० ते १७८० या काळाविषयी. कारण एवढंच की तिथले पुरावे भरपूर आहेत, आणि ते कपडे त्याच पद्धतीने पुन्हा शिवून पाहणाऱ्यांची मोठी परंपरा इंग्लंड-अमेरिकेत तयार झाली आहे.

त्या काळची बाई काय घालायची ते आतून बाहेर असं बघू. सगळ्यात आत तागाच्या कापडाचा, म्हणजे लिननचा, सैल सदरा. त्याला शिफ्ट म्हणत. त्यावर कॉर्सेट; तेव्हाचा शब्द वेगळा होता, पण मी आज कॉर्सेटच म्हणते. मग कमरेला नाडीने बांधलेले खिसे. हो, खिसे कपड्याला शिवलेले नसायचे, सुटे असायचे! आपल्या आज्या कमरेला पिशवी खोचायच्या ना, तसे. परकराच्या शिवणीत फट ठेवलेली असे, तिच्यातून हात आत घालायचा. मग एक-दोन परकर. वर झगा, तो पुढून उघडा. छातीवरचा भाग टाचण्यांनी अडकवायचा. बटणं नाहीत, हुक क्वचित, साध्या सरळ टाचण्या. गळ्याभोवती रुमाल, डोक्याला टोपी, काम करणारी असेल तर पुढे ॲप्रन. दरबारी बायकांचे दोन्ही बाजूंनी फुगवलेले परकर चित्रांत फार दिसतात, म्हणून आपल्याला तेच आठवतात. त्यांच्यात मला फारसा रस नाही. राणी काय घालायची हे सांगायला चित्रकार होते.

हे सगळं आपल्याला कशावरून कळलं? चित्रांवरून, लिहिलेल्या कागदांवरून आणि उरलेल्या कपड्यांवरून. आता गंमत बघा, यातला प्रत्येक साक्षीदार थोडं खोटं बोलतो. चित्रकार बाईला स्टुडिओतला काल्पनिक पोशाख चढवतो. कागद सांगतो किती वार कापड घेतलं, पण ते कसं बेतलं हे सांगत नाही. आणि उरलेला कपडा, जो आपल्याला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, तो तर सगळ्यात जास्त फसवतो.

कसा? असं बघा, त्या काळात कापड महाग आणि शिलाई स्वस्त. आज नेमकं उलट आहे, म्हणून हे चटकन डोक्यात शिरत नाही. रेशमाचा पन्हा वीस इंचांच्या आसपास. पाठीवर मोठ्या चुण्या सोडलेला झगा आणि त्याखालचा परकर मिळून पंधरा-वीस यार्ड कापड सहज लागे. एवढं महाग रेशीम कोणी कातरीने उगाच कापत नसे. पन्हेच्या पन्हे जोडायचे, चुण्या घालून अंगाला बसवायचे आणि मोठ्या टाक्यांनी शिवायचे, म्हणजे पुढे उसवता येतील. आईचा झगा उसवून वीस-तीस वर्षांनी मुलीसाठी नव्या पद्धतीचा करायचा. त्यामुळे संग्रहालयात पुष्कळदा असं होतं की कापड १७४० च्या दशकातलं आणि बेत १७७० च्या दशकातला. स्पिटलफील्ड्सच्या रेशमाच्या नक्षी काढणारी ॲना मरिया गार्थवेट ही बाई आपल्या चित्रांवर तारखा टाकायची. ती चित्रं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, म्हणून विणलेल्या कापडाचं वर्षसुद्धा कधीकधी सांगता येतं. त्यावर एकोणिसाव्या शतकात कुणीतरी पणजीचा झगा पेटीतून काढून फॅन्सी ड्रेसला घातलेला असतो आणि स्वतःच्या मापाचा करायला त्यावर मशीन मारलेलं असतं. मशीनचा टाका दिसला की समजायचं, हे काम अठराव्या शतकातलं नव्हे.

आता सांगा, हा झगा कुठल्या सालचा? थिसियसच्या जहाजाचा प्रश्न मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गात शिकवायचे. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? त्यासाठी ग्रीसला जायची गरज नव्हती, एक जुना झगा पुरला असता.

आणखी एक फसवणूक. जुने कपडे लहान मापाचे दिसतात, म्हणून 'तेव्हाच्या बायका चिमुकल्या होत्या' असं लोक ठोकून देतात. अहो, मोठ्या मापाचा झगा कुणालाही कापून करता येतो, तो वापरून संपला. अगदी लहान मापाचा झगा कुणाच्याच कामाचा नाही, तो पेटीत राहिला. उरलेल्या वस्तूंवरून सगळ्यांविषयी अनुमान काढणं हा हेत्वाभासच आहे. आणि गरीब बाईचा रोजचा कपडा तर उरतच नाही. झगा विटला की मुलाचं झबलं, झबलं फाटलं की चिंधी, आणि लिननची चिंधी शेवटी कागदाच्या गिरणीत. आपल्याकडे तरी काय? पणजीची लग्नातली पैठणी असेल कुणाच्या घरी. तिचं रोजचं लुगडं कुठाय? गोधडीत गेलं. आणि गोधडीही विरली.

मग गरीब बाईने काय घातलं हे कळायची वाटच नाही का? एक वाट आहे. ती सापडते मात्र फार वेगळ्या ठिकाणी.

लंडनमध्ये थॉमस कोरम नावाच्या एका जहाजी माणसाच्या खटपटीतून १७३९ साली अनाथ मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल स्थापन झालं. १७४१ पासून मुलं घेऊ लागले. पोसता येत नाही म्हणून आई मूल आणून देई. संस्थेत मुलाला नवं नाव मिळे. पुढे कधी दिवस पालटले आणि आई परत आली, तर तिचं मूल ओळखायचं कसं? म्हणून नोंदीच्या छापील कागदाला खूण म्हणून कापडाचा एक तुकडा टाचून ठेवत. कधी तो आईच्या झग्यातून कापलेला, कधी बाळाच्या बाहीतून, कधी नुसती रिबीन. असे साधारण पाच हजार तुकडे आज लंडनच्या अभिलेखागारात त्या वह्यांमध्ये आहेत. ब्रिटनमधल्या सामान्य लोकांच्या अठराव्या शतकातल्या कापडांचा याहून मोठा साठा नाही. जॉन स्टाइल्स या इतिहासकाराने २०१० मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते पुष्कळांना कळलं.

१७६० पर्यंत तिथे सोळा हजारांहून जास्त मुलं आली. त्यातली परत नेली गेली ती १५२.

मुलाकडे लंडनला गेले होते, तेव्हा फाउंडलिंग म्युझियम मुद्दाम पाहून आले. या तुकड्यांविषयी एक शिक्षक म्हणून मला जे म्हणायचंय ते असं. हे तुकडे कपड्यांच्या इतिहासासाठी कुणी ठेवले नव्हते. आई आणि मूल यांची पुन्हा गाठ पडावी म्हणून ठेवले होते. ज्यांची गाठ पडली नाही, त्यांचेच बहुतेक तुकडे. लाल-निळ्या फुलांचं छापील लिनन, चौकड्यांचं कापड, ठिपक्यांचं कापड. यावरून आज कळतं की मोलमजुरी करणारी बाईही रंगीत, फुलाफुलांचं घालायची, सगळ्या काही करड्या चिंध्यांत फिरत नव्हत्या. १७६७ मध्ये सेरा बेंडर नावाच्या आईने ठिगळं जोडलेला एक तुकडा दिला होता, त्यावर भरलेलं बदाम, आणि तो मधून कापलेला. अर्धा तिच्याजवळ राहिला. १७७५ मध्ये ती आली आणि मुलाला घेऊन गेली. १५२ मध्ये न मोजलेल्या काळातली ही गोष्ट, पण मी ती धरून ठेवली आहे.

थोडं पाणी पिते.

तर आपल्याकडे कापडाचा तुकडा आहे, कागद आहे, आणि कुठेतरी एक उसवून-शिवलेला झगा आहे. यातून पुरा कपडा उभा कसा करायचा? इथे जॅनेट आर्नल्ड हे नाव घ्यायला हवं. तिने संग्रहालयांतले झगे हातात घेऊन, एकेक शिवण मोजून, चौकटीच्या कागदावर प्रमाणात उतरवले. १९६४ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं. तिच्याआधी नोरा वॉ होती. या दोघींनंतर कपडे पुन्हा शिवण्याच्या कामाला शिस्त आली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग इथे मार्गारेट हंटरच्या नावाचं दुकान आहे, तिथले कारागीर आजही गिऱ्हाइकाच्या अंगावरच अस्तर बसवतात आणि त्यावर वरचं कापड चुण्या घालून टाचत जातात. कागदी पॅटर्न लागतच नाही. त्या काळी असंच करत.

यातलं काही करून बघावं म्हणून मी त्र्याहत्तराव्या वर्षी शिफ्ट शिवायला घेतली. हसू नका. सगळ्यात सोपी म्हणून घेतली. फक्त चौकोन आणि त्रिकोण! अंगाला एक लांब पट्टा, त्याच्याच वरच्या कडांचे निघालेले त्रिकोण खाली घेराला लावायचे, बाह्यांचे दोन आयत, आणि बगलेत एकेक चौकोनी तुकडा. कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. फ्रान्समध्ये गार्सो नावाच्या गृहस्थांनी १७७१ मध्ये अशा कपड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात मापं दिली आहेत. मी मापं घेतली, बेतलं, शिवलं, घातलं आणि हात वर करायला गेले तर होईना. बगलेतला चौकोन मी सरळ लावला होता. तो कर्णावर दुमडून बसवायचा असतो, म्हणजे हात खाली असताना तो त्रिकोणासारखा मिटतो आणि वर केला की उघडतो. उसवताना आठवलं, माझी आई वडिलांच्या पैरणीला बगल लावायची ती अशीच. मी शेजारी बसून अभ्यास करत असायचे. शेकडो वेळा पाहिलं असेल, पण हातांना ते कधी कळलंच नाही.

गिल्बर्ट राइलने १९४९ च्या पुस्तकात हा भेद मांडला होता: 'अमुक असं आहे' हे कळणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे कळणं वेगळं. दुसरं पहिल्याचं पिल्लू नव्हे. स्वयंपाकाच्या पुस्तकात 'चवीपुरतं मीठ' लिहितात ना? गार्सोचं पुस्तक अशा चवीपुरत्या मिठाने भरलेलं आहे. ज्यांना येत होतं त्यांना लिहायची गरज नव्हती, आणि जो लिहीत होता त्याने बहुधा सुई धरली नव्हती.

शिवताना आणखी एक गोष्ट समजली, ती मला कुठल्याही पुस्तकाने इतकी पटवली नसती. शिफ्टचे टाके फार बारीक असतात आणि रेशमी झग्याचे लांब, घाईघाईचे वाटावेत असे. वरचा कपडा महागाचा, त्याची शिवण ढोबळ. आतला स्वस्त, त्याची शिवण नाजूक. असं उलटं का? कारण शिफ्ट वारंवार उकळत्या पाण्यात, साबणात जाते, पिळली जाते. रेशमी झगा धुतच नाहीत, उसवतात. टाका किती लांब घ्यायचा हे त्या कपड्याच्या पुढच्या आयुष्यावर ठरतं. संग्रहालयात काचेआडून ढोबळ टाके पाहून 'तेव्हाचं काम गबाळं होतं' म्हणणारे लोक आहेत.

आता कॉर्सेट. लिननचे दोन-तीन थर, त्यात शिवलेल्या अगदी अरुंद नळ्या, त्या नळ्यांत देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या. एकाच नाडीने, पाठीमागे, नागमोडी ओवत न्यायची. आकार उलट्या शंकूसारखा. कंबर दोरीसारखी आवळण्याची जी चित्रं आपल्या डोक्यात आहेत ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाची. तेव्हा धातूची काजं आली, म्हणून तेवढं ओढता येऊ लागलं. अठराव्या शतकातली काजं हाताने दोऱ्याने केलेली, जास्त ओढलं तर फाटतील. आणि हे फक्त श्रीमंतीचं लेणं नव्हतं. कष्टकरी बायकांची चामड्याची कॉर्सेटं उरली आहेत. जे शिवून, घालून, दिवसभर काम करून बघतात ते सांगतात की श्वास घेता येतो, कमरेतून नाही पण खुब्यातून वाकता येतं, आणि दोन-तीन परकरांच्या नाड्यांचं ओझं कमरेत रुतत नाही. 'छळयंत्र' हा माझा शब्द मी परत घेते.

पण थांबा. आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका, 'म्हणजे कॉर्सेट आरामशीर होतं' असं. इथेच माझा खरा मुद्दा आहे. कॉलिंगवूड म्हणायचा की इतिहासकाराने भूतकाळातला विचार स्वतःच्या मनात पुन्हा घडवायचा असतो. (योगायोग बघा, ऑक्सफर्डमधल्या त्याच्याच अध्यासनावर नंतर राइल आला, आणि दोघांचं पटण्यासारखं फारसं काही नव्हतं.) कपडा पुन्हा शिवणारे लोक कॉलिंगवूडच्या पुढे जातात, ते भूतकाळातला देह पुन्हा घडवू बघतात. तो घडतो का? आजची मुलगी एक दिवस कॉर्सेट घालते, संध्याकाळी काढते आणि तिच्या मापाचं, तिला हवं म्हणून शिवलेलं घालते. तेव्हाची मुलगी लहानपणापासून घालत होती. तिला न घालण्याची स्थिती ठाऊकच नव्हती, तर 'आरामशीर की त्रासदायक' ही तुलना तिने कशाशी करायची? कपडा पुन्हा शिवल्यावर कळतं ते एवढं: हात किती वर जातो, शिवण कुठे ताणते, वाकायचं कसं, खिशात हात कसा जातो. तिला कसं वाटत होतं हे त्यातून मिळत नाही. हे दोन प्रश्न आपण वेगळे ठेवले, तर या कामाला मी संशोधन म्हणायला तयार आहे.

कापडाचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे आपण येतो. इंग्रजीतला चिंट्झ हा शब्द आपल्या छीट-चीटचाच. चिटाचा परकर म्हणतो ना आपण? कोरोमंडल किनाऱ्यावर हिरडा, तुरटी आणि मुळांचे रंग वापरून, कलमाने काढलेलं हे सुती कापड धुतलं तरी रंग सोडत नसे. इंग्लंडमधल्या बायका वेड्या झाल्या. तिथल्या विणकरांचं पोट जायला लागलं. १७०० च्या कायद्याने रंगीत-छापील कापडाच्या आयातीवर बंदी आली, तरी वापर थांबेना. १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले आणि असे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले, ॲसिडही फेकलं. मग १७२१ च्या कायद्याने वापरावरही बंदी आली. ती १७७४ मध्ये उठली. फ्रान्समध्ये तर १६८६ ते १७५९ बंदी होती. भुकेल्या विणकराचा राग कुणावर निघाला, तर झगा घातलेल्या बाईवर. हे मात्र ओळखीचं वाटतं.

आज ते कापड आणायचं कुठून? बाजारात मिळतं ते मशीनवर छापलेलं. मलमलीची तर आणखी पंचाईत. १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेतचं पातळ पांढऱ्या मलमलीतलं चित्र लागलं तेव्हा 'राणी आतल्या कपड्यांत' म्हणून गहजब झाला आणि ते उतरवावं लागलं. सगळ्यात तलम मलमल तेव्हा ढाक्याकडची. तिचा फुटी कार्पास हा कापूसच नाहीसा झाला. बांगलादेशात गेल्या दहा-बारा वर्षांत तो पुन्हा शोधून लावायचा प्रयत्न चालू आहे, क्यूच्या बागेतल्या वाळवलेल्या जुन्या पानांशी ताडून. झगा शिवायचा म्हणून रोप शोधण्यापर्यंत जावं लागतं!

प्रश्न घेऊ या. हां, तुमचा.

(समोरून प्रश्न: आपल्या नऊवारीचं असं काही करता येईल का?)

करता येईल, पण अडचण उलटी आहे. तिथे शिवण तरी आहे, टाका मोजता येतो. आपलं लुगडं म्हणजे सपाट कापड. संग्रहालयात घडी घालून ठेवलं की ते कसं नेसलं होतं याची एकही खूण त्यात राहत नाही. सगळं ज्ञान नेसणारीच्या हातात. माझी आई शेतावरच्या बायकांचं नेसणं वेगळं ओळखायची. मला ओळखता येत नाही. तिला मी कधी विचारलं नाही.

बरं, वेळ संपलीय. ती मुलगी, जिचं देणं म्हटलं ना मी, आज आली आहे. तिने हाताने शिवलेलं एक कॉर्सेट आणि माझी ती शिफ्ट, दुरुस्त केलेली, बाहेरच्या टेबलावर मांडली आहे. हात लावून बघा, काच नाहीये. चहा आधी घेऊ नका, हात तेलकट होतात.